की-बोर्डला ऊन लागतं

तबल्याला हवा मानवली नाही की तो लगेच सांगतो. पावसाळ्यात पुडी सैल पडते, सूर उतरतो आणि तबलजी हातोडी घेऊन बसतो. जुन्या ॲनालॉग सिंथेसायझरचंही तसंच होतं. केर्सी लॉर्ड यांनी मुंबईच्या फिल्मसंगीतात वाजवलेला मूग हा सिंथेसायझर त्याच जातीचा. त्यात सूर ट्रान्झिस्टरच्या व्होल्टेजवर ठरायचा, आणि खोली तापली की तो सरकायचा. आजच्या डिजिटल की-बोर्डचा सूर क्वार्ट्झच्या स्फटिकावर बांधलेला असतो. भर उन्हात तासभर ठेवला तरी सा जागचा हलत नाही. नेमकी इथंच फसगत होते. आत गोंद मऊ पडत असतो, रबर वाकत असतं, आणि वर सूर चोख लागतो. ऑर्केस्ट्राबरोबर जत्रा, लग्नं, गणपती करत हिंडताना या मुक्या वाद्याबद्दल जे शिकलो, ते इथं मांडतो.

१. वाद्य प्रवासात कमी आणि थांब्यावर जास्त तापतं.

चैत्र-वैशाखात जत्रांचे कार्यक्रम एकाला एक लागून असतात. रात्री कार्यक्रम संपतो, पहाटेपर्यंत टेम्पो पुढच्या गावाला. या प्रवासात वाद्याला काही होत नाही. रात्र असते, वारा लागत असतो. खरा धोका सकाळी गाव आल्यावर. मंडळी आंघोळीला आणि झोपायला जातात, आणि टेम्पो मोकळ्या मैदानात उभा राहतो. उन्हात उभ्या बंद गाडीतली हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी चढते, त्यातली बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच. काच दोन बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. बऱ्याच की-बोर्डच्या माहितीपुस्तकात ५ ते ४० अंश ही मर्यादा दिलेली असते. मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला सावलीतलाच पारा ४५ च्या आसपास असतो. गाडीत काय होत असेल याचा हिशेब करा.

आमच्या ड्रायव्हरमामांशी माझं ठरलेलं बोलणं असे.

"मामा, गाडी सावलीला घ्या."

"सावलीलाच आहे की मास्तर, लिंबाखाली."

"आत्ता आहे. दोन वाजता कुठं जाईल ती?"

मग मामा वर बघत, झाडाला वळसा घालत आणि गाडी पूर्वेच्या अंगाला लावत. सकाळी तिथं थोडं ऊन लागतं, पण दुपारभर सावली मिळते. गाडी लावताना दुपारचा सूर्य कुठं असेल ते बघायचं.

२. वाद्यात चिपच्या आधी हलके भाग जातात.

सिलिकॉनची चिप बरीच उष्णता सोसते. बिघडतात ते गोंद, रबर आणि प्लास्टिक. वजनदार पट्ट्यांच्या की-बोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली धातूचं वजन असतं. काही बनावटींत ते चिकटवलेलं असतं. हा गोंद उष्णतेनं पाझरला, की पट्टी दाबल्यावर वर यायला रेंगाळते. पट्ट्यांखालच्या रबरी संपर्कपट्टीचा आकार बिघडला, की एकाच जोरानं दाबलेले दोन स्वर कमी-जास्त वाजतात. ऐकणाऱ्याला वाटतं वादकाचा हात चुकला. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा तर ढोबळ नियमच आहे: दर दहा अंश वाढीला आयुष्य निम्मं. हे नुकसान त्या दिवशी दिसत नाही. पुढच्या हंगामात ऐन कार्यक्रमात खरखर सुरू होते आणि दोष वायरीवर जातो.

बाहेरून दिसणारी खूण एकच, डिस्प्ले. तो काळवंडला तर द्रवस्फटिकांची रचना उष्णतेनं विस्कटली आहे असं समजायचं. थंड झाल्यावर तो बहुधा पूर्ववत होतो, पण तोवर स्विचला हात लावायचा नाही.

३. गोधडी चांगली, पण वेळेवर.

काळी बॅग ऊन पिते. तिच्यावर पांढरी चादर आणि खाली-वर गोधड्या, हा स्वस्त आणि खरोखर चालणारा उपाय. मात्र गोधडी गारवा निर्माण करत नाही, उष्णतेची ये-जा मंदावते फक्त. पहाटेच्या गारव्यात गुंडाळलेला की-बोर्ड काही तास गार राहतो. दुपारी तापल्यावर गुंडाळलेला संध्याकाळपर्यंत तापलेलाच. टेम्पोत वाद्य पत्र्याला टेकवायचं नाही, सायलेन्सरच्या वरच्या बाजूला ठेवायचं नाही. मध्ये ठेवायचं, भोवती पडद्यांची आणि कपड्यांची गाठोडी. ताडपत्री थेट सामानावर पडू द्यायची नाही, वीतभर पोकळी हवी. आणि केसमध्ये कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर टाकायचा. पन्नाशीपुढचा आकडा दाखवला की ड्रायव्हर, क्लीनर, आयोजक, कुणालाही जास्त समजावून सांगावं लागत नाही.

४. विदर्भात कूलरपासून वाद्य लांब.

पाहुणचार म्हणून माणसं कूलर आणून लावतात, आणि तापलेला की-बोर्ड आपण प्रेमानं त्याच्यासमोर मांडतो. कूलर पाण्यातून ओढलेली हवा फेकतो, जवळ असला तर तुषारही. माणसाला बरं वाटतं. उघड्या स्लायडरच्या फटीत मात्र धूळ आणि ओल एकत्र बसते. तापलेलं वाद्य कोरड्या सावलीत, बंद ठेवून, आपोआप निवू द्यावं.

५. कोकणात आणि गोव्यात चष्म्याकडे बघायचं.

वाद्य गरमीतून एसीत नेलं की आत पाणी धरतं, असा अनेकांचा समज आहे. बहुतेक वेळा होतं उलटं. गार वस्तू दमट हवेत आली की तिच्यावर दव धरतं. जूनमध्ये रत्नागिरीला एसी गाडीतून उतरा, किंवा पणजीला एसी सभागृहातून बाहेर या, चष्म्यावर लगेच वाफ येते. चष्मा धुरकटला तर त्याच गाडीतून आलेला की-बोर्ड उघडायचा नाही, हा माझा नियम. चेन बंद असली की दव बॅगेच्या बाहेरच्या कापडावर धरतं, आत फार जात नाही. वाद्य बाहेरच्या हवेइतकं गरम झालं की मगच चेन काढायची. चष्मा दोन मिनिटांत कोरडा होतो, जड की-बोर्डला काही तास लागतात. म्हणून पावसाळ्यात मी ड्रायव्हरला शेवटचा तासभर एसी बंद ठेवायला सांगतो. सगळे उकडतात, कुरकुरतात. पण पोचल्यावर वाद्य लवकर तयार होतं. ओल्या सर्किटमधून वीज सोडण्यापेक्षा कार्यक्रम उशिरा सुरू केलेला परवडतो. आयोजक घाई करणारच. त्यांना शांतपणे कारण सांगायचं, स्विच मात्र दाबायचा नाही.

सिलिका जेलच्या पुड्या बॅगेत ठेवाव्यात. रंग बदलणाऱ्या घ्याव्यात, म्हणजे त्या भरल्या कधी ते कळतं.

६. सेल काढून ठेवा.

उष्णतेत साधे सेल लवकर पाझरतात आणि त्यांचं रसायन पत्र्याचे संपर्क खातं. इलेक्ट्रॉनिक तानपुरा, लहान की-बोर्ड, वायरलेस माइक, सगळ्यांना हे लागू.

७. थंडीचा नियम वेगळा नाही, फक्त आकडे वेगळे.

शिकागो किंवा टोरांटोकडच्या मराठी मंडळांचा संक्रांतीचा कार्यक्रम जानेवारीत असतो. तिथं शून्याखाली दहा-पंधरा अंश ही काही मोठी गोष्ट नव्हे. रात्रभर गाडीच्या डिकीत किंवा न तापवलेल्या गॅरेजमध्ये राहिलेला की-बोर्ड सकाळी उबदार हॉलमध्ये आणला, की रत्नागिरीचंच सगळं होतं. शिवाय थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं; पट्टी किंवा कोपरा हलक्या धक्क्यानंही तडकतो. लिथियम बॅटरी शून्याखाली असताना चार्जिंगला लावू नये, आत धातूचा थर साचून ती कायमची खराब होते. तिथल्या मंडळींना मी सांगतो, की वाद्य आदल्या रात्रीच हॉलमध्ये किंवा कुणाच्या बैठकीच्या खोलीत ठेवा. गाडीतून नेताना डिकीत नको, मागच्या सीटवर हीटरच्या हवेत न्या.

८. सुपारी घेतानाच खोली मागा.

तारीख आणि मानधन ठरवताना एक वाक्य वाढवायचं: "पोचल्यापासून कार्यक्रमापर्यंत सामानाला सावलीतली, कुलूप लागणारी खोली लागेल." आयत्या वेळी मागितलं तर धावपळ होते, आधी सांगितलं तर गावोगावी आनंदानं सोय करतात. सुट्टीत शाळेचे वर्ग रिकामेच असतात. देवळाचा दगडी सभामंडप तर भर दुपारी आजूबाजूच्या पत्र्याच्या शेडपेक्षा कितीतरी गार असतो. तिथं पुजारीबुवांना विचारून जागा घ्यावी आणि एक माणूस राखणीला बसवावा. खोलीचं छप्पर पत्र्याचं आहे का, एवढं मात्र फोनवरच विचारून घ्या.