दिवा लुकलुकतो? आधी भार मोजा

वसई-विरारला बिऱ्हाड केलेल्या आपल्या मुलाबाळांपैकी काहींच्या छतात १२ व्होल्टचे दिवे असतात. डिमर फिरवला की ते लुकलुकतात. आमचे सांगणे, लगेच दिवा फेकू नका. ५० वॅटचे चार हॅलोजन म्हणजे २०० वॅट. जागी ५ वॅटचे चार एलईडी आले की भार उरतो २० वॅट. जुन्या डिमरला तो बहुधा पुरत नाही. एक हॅलोजन परत लावून पाहा. लुकलुक थांबली तर कारण भारच. मग डिमर, ट्रान्सफॉर्मर व दिवा एकमेकांस जुळणारे घ्यावेत. दिव्याला १२ व्होल्ट असले तरी भिंतीवरच्या डिमरात २३० व्होल्ट खेळतात! तो मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनकडूनच उघडवावा.