ताणावरच्या बागेशेजारी गहू

काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. धुऱ्यापलीकडे, जरा उंचावर, भावकीतल्या एकाचं गव्हाचं वावर. एका हिवाळ्यात आंबिया बहारासाठी आम्ही बाग ताणावर सोडली होती. डिसेंबर सरत आला तसा आतल्या झाडांचा पाला मलूल होऊन पिवळा पडू लागला, पानगळ सुरू झाली. धुऱ्यालगतच्या दोन ओळी मात्र हिरव्यागार, वर कोवळी नवती. खुरपीनं उकरलं, तर वीतभर खाली मातीचा गोळा वळत होता. पलीकडे रात्रीच्या विजेवर पाट सोडून माणूस झोपी जायचा आणि पाणी उताराउतारानं आमच्याकडे झिरपायचं. पुढे आतली झाडं फुलांनी लदबदली. त्या दोन ओळींत फूल तुरळकच.

भांडायला गेलो नाही, कारण गव्हाला तेव्हाच पाणी हवं असतं. नोव्हेंबरच्या मध्यावर पेरलेला गहू 18 ते 21 दिवसांनी मुकुटमुळं फोडताना पाणी मागतो, 40 ते 45 दिवसांनी कांडी धरताना पुन्हा. बाग कोरडी ठेवायची तीही याच दिवसांत.

पिकांच्या पाण्याची कोष्टकं सगळ्यांपाशी असतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या आकड्यांनुसार हंगामात सोयाबीनला 450 ते 700 मिलिमीटर पाणी लागतं, गव्हाला 450 ते 650, कपाशीला 700 ते 1,300. संत्र्याच्या जातकुळीला वर्षाकाठी 900 ते 1,200. एकरावर 1 मिलिमीटर म्हणजे सुमारे 4,000 लिटर. म्हणजे एकरभर गहू कमीत कमी 18 लाख लिटर पितो! नागपूरकडे वर्षाला 1,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण बहुतेक जून ते सप्टेंबर. म्हणून सोयाबीन पावसावर निघतं नि गव्हाचा भार विहिरीवर येतो. कोष्टकात बेरीज असते, तारखा नसतात. आणि एका विहिरीवर दोन पिकं असली की खरी ओढाताण तारखांचीच.

बागेला लागून रब्बी घ्यायचीच असेल तर हरभरा घ्या. काळ्या जमिनीत फुलोऱ्याआधी एक आणि घाटे भरताना एक, एवढ्या ओलितावर तो भागतो. जास्त पाजला तर नुसता माजतो. तेही पाणी तुषारनं द्या, पाटानं नको. आणि बागेच्या अंगाला चार-सहा तासं कोरडीच राहू द्या.

ताण किती दिवस, हे कॅलेंडर सांगत नाही. हलक्या जमिनीत महिनाभरात बसतो, भारीत दोन महिनेही लागतात. पाला बघा. पानं गळण्यापुढे जाऊन बारीक फांद्या वाळू लागल्या, तर ताण लगेच तोडा. तोडताना पहिलं पाणी हलकं, मग हळूहळू वाढवत न्यायचं. खोडाला पाणी लागू देऊ नका, डिंक्या तिथूनच शिरतो. दुहेरी आळं करून बाहेरच्या आळ्यातच पाणी सोडा.

आम्ही धुऱ्याला समांतर कमरेइतका खोल चर खोदला. पलीकडचा गहू अजूनही आहेच. झिरपा आता चरात उतरतो नि नाल्याला लागतो. ऑगस्टच्या झडीत बागेत साचणारं पाणीही त्याच वाटेनं काढून देता येतं.