नवे घर, जुना स्वभाव

अमेरिकेतील ‘कॉर्न स्नेक’ हा उंदीर खाणारा, बिनविषारी साप. तिकडे पुष्कळ लोक तो हौसेने पाळतात. आपल्याकडे मात्र रानातला साप पकडून पाळण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे.

तिकडील एका मुलाने असा साप घरी आणला. साप दिवसभर पेटीतील लाकडी ढोलीत दडून राही. पुढे ठेवलेल्या उंदरालाही त्याने तोंड लावले नाही. त्याला ओढून बाहेर काढावे, असे मुलाला वाटे. नवव्या दिवशी सापाचे डोळे निळसर, दुधाळ झाले. “हा आंधळा झाला!” म्हणून मुलगा रडू लागला.

वडील म्हणाले, “बाळ, अपरिचित जागी लपणे हेच त्याचे संरक्षण. सापाला पापण्या नसतात. डोळ्यांवर पारदर्शक खवला असतो. कात टाकण्यापूर्वी काही दिवस तो असा धूसर होतो. त्याला हात लावू नकोस. पाणी तेवढे ठेव.”

मुलाने मन आवरले. आठवड्याने एके सकाळी ढोलीबाहेर अखंड कात पडलेली दिसली. तिच्यात डोळ्यांवरचे खवलेही होते. त्याच रात्री सापाने जीभ लवलवून हवेतला गंध टिपला आणि उंदीर गिळला.

मुलगा ज्याला दुखणे समजला होता, तो सापाचा स्वभावधर्म होता.