अंगावरचे दूध आणि घरभेटीचा आधार



मेळघाटातले सेमाडोह हे सिपना नदीकाठचे गाव. तिथल्या मजूर बाळंतिणीला "लेकराला अंगावर पाज" एवढे सांगून भागत नाही. दूध पुरते का, बाळ नीट ओढते का, कामावर कधी जायचे, हे विचारायला जवळ जाणते माणूस लागते.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत तिथल्याच बायांना शिकवून घरोघरी पाठविले. बाळाची ऊब, स्वच्छता, आजारावर औषध आणि स्तनपानाला मदत हे त्यांचे काम. तिसऱ्या वर्षी, इतर गावांच्या तुलनेत, नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून देशभर आशाताई अशा घरभेटी देतात. दवाखान्यात बाळंतपण झाल्यास ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी.

ध्यानात ठेवा :

१) पहिल्या तासात बाळ अंगावर घ्यावे. चीक टाकू नये. मध, गूळपाणी, घुटी देऊ नये.

२) सहा महिने फक्त आईचे दूध; वरचे पाणीसुद्धा नको.

३) जितके पाजावे तितके दूध येते. पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षे पाजावे.

सेमाडोह लांब वाटेल, पण आपल्या फडातही तान्हे लेकरू घेऊन तोडणीला बाई येते. ती परगावची, तिचे नाव आपल्या आशाताईच्या वहीत नसते. टोळी उतरली की आशाताईला कळवा. फडाशेजारी सावली, पिण्याचे पाणी करा आणि पाजायला वेळ द्या. मुकादमालाही तसे बजावून सांगा.