सोलापूरच्या भिंतीवर गलबत

प्रश्न: जुळे सोलापुरात नवे घर घेतले आहे. शिडाच्या होड्यांची आजच्या कलावंतांची चित्रे, जमल्यास एखादे शिल्प घ्यायचे आहे. काय पाहून घ्यावे?

उत्तर: समुद्र नसलेल्या गावात गलबत टांगायची हौस मला आवडली. आधी मुंबईत काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत (स्थापना 1952) चक्कर मारा. तिथे बऱ्याचदा चित्रकार स्वतःच बसलेला असतो. त्याला एवढेच विचारा, वारा कुठून येतोय? शीड एकीकडे फुगलेले आणि डोलकाठीवरचे निशाण नेमके उलटे फडकतेय, असे चित्र मी सोडून देतो, रंग कितीही गोड असोत.

तुमचा खरा शत्रू ऊन. जलरंग पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलात तर काही वर्षांत निळा समुद्र फिका पडेल. काच अतिनील किरण अडवणारी घ्या. काच आणि कागद यांत माउंटचे अंतर हवेच. लाकडी शिल्प चाळिशीपारच्या कोरड्या उन्हाळ्यात तडकू शकते, म्हणून ब्राँझ बरे. त्यावर 3/8 असे कोरलेले असेल तर आठ प्रतींपैकी ती तिसरी. सहीचे प्रमाणपत्र आणि पावती जपून ठेवा.

आणि हो, सोफ्याच्या रंगाला मॅचिंग चित्र शोधू नका. सोफा बदलतोच.