उत्तर आलं, पण कसं?

इंग्रजी वर्तमानपत्रांतली क्रिप्टिक शब्दकोडी सोडवता सोडवता मला मराठीतही तशी शोधसूत्रं रचायचा नाद लागला. रविवारी सकाळी आमच्याकडे ताई, तिचे यजमान आणि शेजारचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक असे जमतात. चहा होतो आणि वाद सुरू होतात. त्या बैठकांतून मला पटलेल्या काही गोष्टी:

१. वाक्याच्या अर्थाला भुलू नये.
'पुण्यात रंगमंचाने लपवलेली लाट (३)'. वाचताक्षणी भरत नाट्य मंदिर आठवतं, आणि नेमकं तेच रचणाऱ्याला हवं असतं. गूढ सूत्राचे बहुधा दोन भाग असतात. सुरुवातीला किंवा शेवटी उत्तराचा सरळ अर्थ, आणि उरलेल्या शब्दांत अक्षरांचा खेळ. इथे सरळ अर्थ 'लाट'. 'लपवलेली' म्हटलंय म्हणजे उत्तर आधीच्याच शब्दांत दडलंय: पुण्यात रंगमंचाने. त-रं-ग. नाटकाचा काही संबंध नाही. वाक्य अर्थासाठी न वाचता एकेक शब्द सुटा करून तपासायची सवय लागली, की निम्मं काम झालं.

२. कारण सापडेपर्यंत उत्तर पेनने लिहू नये.
'कालच्या आदल्या दिवशी नकार, तरी हाती सरकारी मुभा (४)'. चार अक्षरं आणि सरकारी मुभा, म्हणून कुणीतरी लगेच 'परवाना' म्हणतं. ताईचा प्रश्न ठरलेला: "उत्तर आलं, पण कसं?" मग शोध सुरू होतो. कालच्या आदला दिवस परवा, नकार म्हणजे ना. परवा आणि ना. ही फोड दिसते तेव्हाचा आनंद उत्तर सुचल्याच्या आनंदाहून कितीतरी मोठा असतो. अंदाजाने चौकट भरून टाकणारा माणूस या खेळातलं सगळ्यात चांगलं तेवढं सोडून देतो असं मला मनापासून वाटतं.

३. मराठीत घर अक्षराचं असतं.
इंग्रजीत एका घरात एक लेटर बसतं, आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खं अक्षर. त्यामुळे अदलाबदलीच्या शक्यता घटतात, पण ज्या उरतात त्या फार देखण्या असतात. 'विकता विस्कटते ते काव्य (३)': विकता या शब्दातली अक्षरं हलवली की कविता. 'नदी उलटली की होतो गरीब (२)': नदी उलटी वाचली की दीन. वेलांटी आपल्या अक्षराचा हात सोडत नाही, म्हणूनच हे जमतं.

पण चौकट रचताना हीच वेलांटी छळते. आडव्या 'नदी'च्या शेवटच्या घरातून उभा 'दिवस' काढता येत नाही, कारण दी वेगळी आणि दि वेगळी. एकदा मी 'कवी' आणि 'ता' जोडून 'कविता' केली, त्यावर आमच्यात बराच वेळ जुंपली होती. सर म्हणाले, मूळ तत्सम शब्द ऱ्हस्वान्तच, समासातही 'कविसंमेलन' असंच लिहितो, तेव्हा चालेल. ताईला ते मान्य नव्हतं. पानावर जे दिसतं तेच सोडवणाऱ्याच्या हाती असतं, हा तिचा मुद्दा. सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मी ताईच्या बाजूचा आहे. ऱ्हस्व-दीर्घाची सूट एकदा दिली की चौकट भरणं सोपं होतं आणि सोडवणाऱ्याचा विश्वास जातो.

४. चकवावं, पण खोटं बोलू नये.
लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये आधी टॉर्केमाडा आणि १९३९ पासून झिमेनीस या टोपणनावांनी कोडी येत. दोन्ही नावं स्पॅनिश धर्मन्यायसभेच्या प्रमुखांची. झिमेनीस म्हणजे डेरिक मॅकनट, शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणारे. सूत्रात नेमका अर्थ आणि प्रामाणिक अक्षरखेळ असावा, त्यापलीकडे एकही फुकटचा शब्द नसावा, अशी शिस्त त्यांनी घालून दिली. १९६६ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. 'नदी उलटली की माणूस होतो गरीब' हे वाक्य म्हणून जास्त छान आहे. तरीही 'माणूस' काढलाच पाहिजे, कारण तो कुठलंच काम करत नाही.

५. रचणारा ओळखीचा होतो.
'गार्डियन'मध्ये १९५८ पासून कोडी रचणारे आणि पुढे अराउकेरिया या नावाने ओळखले गेलेले जॉन ग्रॅहम हे पाद्री होते. जानेवारी २०१३ मध्ये त्यांच्या एका कोड्याची उत्तरं भरता भरता वाचकांना समजलं, की त्यांना अन्ननलिकेचा कर्करोग झाला आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. इतकी खासगी गोष्ट त्यांनी वाचकांना कोड्यातूनच सांगितली, आणि मला त्यात काहीच विचित्र वाटत नाही. वर्षानुवर्षं ज्याची सूत्रं सोडवली, त्याच्या डोक्याची चाल आपल्याला नातेवाइकासारखी माहीत झालेली असते.

६. दुसऱ्याला उत्तर सांगू नये.
'सरळ अर्थ शेवटी आहे' किंवा 'उलटं वाचून बघा' एवढंच म्हणावं आणि थांबावं.

७. नवख्याला अर्थजोडीपासून सुरुवात करून द्यावी.
तिथे अक्षरांची मोडतोड नसते. एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी ठेवलेले असतात, त्यांच्यातला सांधा तेवढा शोधायचा. आमच्याकडे नवीन कुणी आलं, की मी पहिलं देतो ते हे: 'वडाखाली बसायची जागा पलीकडे (२)'.