तिकिटाआधी पासपोर्ट उघड गं

अगं, तिकिटं स्वस्त दिसली म्हणून लगेच काढू नकोस. आधी कपाटातून तिघांचे पासपोर्ट काढ आणि मुदत बघ. मोठ्यांचा पासपोर्ट १० वर्षं चालतो, पण चिनूचा ५च वर्षांचा, आणि नेमकं तेच आईबापांच्या लक्षात राहत नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी परतीच्या तारखेनंतर निदान ३ महिने मुदत शिल्लक लागते, शिवाय २ कोरी पानं. बरेच देश ६ महिने मागतात, म्हणून तू ६च धरून चाल.

लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललं नाही म्हणून तुझा जीव टांगणीला लागलाय ना? खरं सांगू का, ते बदलायलाच हवं असा कायदा नाही. माहेरच्या नावानं खुशाल जा. फक्त तिकीट, विमा, व्हिसाचा अर्ज, सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव घाल, स्पेलिंगसकट. आणि विवाहाचा दाखला फाइलमध्ये राहू दे.

आता व्हिसा. पॅरिसला ५ रात्री आणि स्वित्झर्लंडला ३, म्हणजे अर्ज फ्रान्सकडे; जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे. मुक्काम सारखाच असता तर जिथे आधी उतरणार तिथे. ‘अमक्या देशाचा पटकन मिळतो, तिथून कर’ असं सांगणारे भेटतील. अजिबात ऐकू नकोस. अर्ज सहलीच्या ६ महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण मे महिन्याच्या सुट्टीसाठी अपॉइंटमेंट मिळायचीच मारामार असते, तेव्हा तू लवकर हल. मोठ्यांची फी ९० युरो, चिनूची ४५, आणि १२ वर्षांखाली असल्यामुळे तिला बोटांचे ठसे द्यावे लागत नाहीत. प्रवास विमा मात्र तिघांचा हवा, प्रत्येकी किमान ३०,००० युरोंचा. व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट-हॉटेल रद्द करता येईल असंच ठेव.

बँकेच्या स्टेटमेंटचं तू फार मनाला लावून घेतेस बघ. शिल्लक फुगवायला मामाकडून एकरकमी पैसे मागवू नकोस. ती रक्कम कुठून आली, हाच प्रश्न पहिला उठतो. दर महिन्याचा पगार जमा होताना दिसतोय ना, मग झालं. पूर्वी कुठला व्हिसा नाकारला असेल तर तेही सरळ लिही.

पासपोर्ट परत आला की घरी जाईपर्यंत थांबू नकोस, तिथेच स्टिकर वाच. नाव, पासपोर्ट नंबर, आणि मग तारखा. इथे फार जण फसतात गं. समज, व्हिसा १ मे ते ३० मे लिहिलाय आणि दिवसांच्या रकान्यात १५ आहेत. म्हणजे महिनाभर राहायची मुभा नाही. त्या महिन्यात फक्त १५ दिवस, आणि पोचायचा नि निघायचा दिवसही त्यातच मोजला जातो. शिवाय प्रवेश एकदाच आहे की अनेकदा, तेही बघ. एकदाच असेल तर मधेच लंडनला चक्कर मारून पॅरिसला परत शिरता येणार नाही, आणि लंडनचा व्हिसा तर मुळात वेगळाच.

परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि विम्याचा कागद हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको. कारण व्हिसा असला तरी आत सोडायचं की नाही हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. किती दिवस, कुठे राहणार, एवढंच विचारतात बहुतेक. तुझं इंग्रजी त्याला पुरून उरेल. चिनूला मात्र विमानातून उतरायच्या आधी बाथरूमला नेऊन आण, रांग लांब असते.